आर्गनवाल्याला सावली द्या



ग्वाल्हेरच्या मे महिन्यात आपल्या घरात येऊन "बाबूजी, कूलर बंद कर दो" असं सांगायची हिंमत असलेला माणूस एकच, तो म्हणजे आर्गनवाला. बाहेर लू सुटलेली, पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि हा जिन्यात बसून कूलर बंद करायला सांगतो. घरातल्या बायका कुरकुरतात, आजोबा डाफरतात. पण त्याचं म्हणणं बरोबर असतं.

स्टीलच्या रेलिंगचं, गेटचं जे जोडकाम आपण "आर्गन वेल्डिंग" म्हणून करून घेतो, त्याचं शास्त्रातलं नाव टिग. टंगस्टनच्या टोकदार काडीपासून धातूपर्यंत एक बारीक, प्रखर ज्योत उडते, तिला आर्क म्हणतात. वितळलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून त्याच्याभोवती आर्गन वायूचं पांघरूण धरावं लागतं. मिनिटाला सात-आठ लिटर वायू, तोही अलगद सोडलेला. कूलरचा एक झोत आला की ते पांघरूण उडतं, जोड काळा पडतो, त्यात बारीक छिद्रं राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. म्हणजे कामाला स्तब्ध हवा पाहिजे आणि माणसाला वारा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात या दोघांचं जमत नाही, आणि माघार दर वेळी माणूसच घेतो.

आपल्या ग्रुपवर वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, गाण्याच्या बैठकींच्या, शाळेतल्या मास्तरांच्या आठवणी येतात. मीही त्या आवडीने वाचतो. आज मात्र आपल्या जिन्यात बसलेल्या या माणसाबद्दल लिहायचं आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. वेल्डरची सुरक्षा आणि वेल्डरची सोय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जे साधन अंगाला जाचतं ते दहाव्या मिनिटाला खुंटीवर जातं, मग ते कितीही भारी असो. आणि ही सोय बघणं हे एकट्या ठेकेदाराचं काम नाही. ज्यांच्या गच्चीवर तो राबतो त्यांचंही आहे, म्हणजे तुमचं-आमचं.

मला हे बोलायचा अधिकार काय, तर मी स्वतः या कामात तीसहून जास्त वर्षं काढली. माझे वडील बिर्लानगरला जे. सी. मिलमध्ये होते. १९२१ साली सुरू झालेल्या त्या जियाजीराव कॉटन मिलवर आपल्यातलीही कितीतरी घरं चालली. मी शाळा संपवून आय.टी.आय.ला वेल्डिंग घेतलं तेव्हा लष्करातल्या आमच्या नात्यात एकच गहजब झाला. एक काकू आईला म्हणाल्या, "अहो, पोरगा लोहार होणार का? मुलगी कोण देईल?" (मुलगी मिळाली. तिने ही पोस्ट वाचून दोन वाक्यं काढायला लावली आहेत.) पुढे मालनपुरच्या बाजूला एका कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइनींवर काम केलं, मग स्वतःची लहानशी वर्कशॉप काढली. आता ती पुतण्या बघतो.

काकूंचं ते वाक्य मी हसून सोडून दिलं, पण त्यामागची नजर आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. आपण मुळात कारकुनीतली, शिक्षणातली, पौरोहित्याची, गाण्याची माणसं. जिन्सी नाल्याजवळ राहणाऱ्यांना जिन्सी म्हणजे तोफखाना हे ठाऊक असतं. पण त्या तोफा ओतणारे आणि घासणारे हात कुणाचे होते, हे आपल्या आठवणींत येत नाही. हात काळे करणाऱ्याच्या सोयीचा विचार करायची आपल्याला सवयच नाही. त्याला पाणी देतो, चहा देतो, दुपारी पोळी-भाजीही देतो, त्यात आपण कमी पडत नाही. पण तो कशावर बसलाय, त्याची मान किती वेळ वाकलेली आहे, त्याच्या अंगात शर्ट कसला आहे, हे कोण बघतं?

आता टिगची एक गंमत सांगतो, आणि तीच त्याची फसवणूक आहे. साध्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये ठिणग्या उडतात, धूर होतो, आवाज होतो. माणूस आपोआप भितो आणि जाड कपडे घालतो. टिगचं काम स्वच्छ. ठिणगी जवळजवळ नाही, धूर थोडा, आवाज बारीक. त्यामुळे आर्गनवाला बनियनवर बसतो, बाह्या वर सरकवतो, पायात चप्पल. पण धूर कमी असल्यामुळेच त्या आर्कचा अतिनील प्रकाश मध्ये कुठे न अडता थेट अंगावर येतो, आणि चकचकीत स्टीलवरून उलटून दुसऱ्यांदा येतो. दिवसभर उघड्या हातांनी टिग केलं तर संध्याकाळी कातडी शेकल्यासारखी लाल होते. गळ्याचं बटण उघडं राहिलं तर छातीवर तेवढाच लाल त्रिकोण उमटतो. जुन्या वेल्डरांच्या गळ्याखाली तो कायमचा काळपट झालेला मी पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचा अतिनील प्रकाश या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे "सवय होते हो, काही होत नाही" या बोलण्याला आता आधार उरलेला नाही.

ही पद्धत मुळात आपल्यासारख्या गच्चीसाठी निघालेलीच नव्हती. अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ती मॅग्नेशियमची विमानं जोडता यावीत म्हणून बसवली, आणि १९४२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. तेव्हा आर्गनऐवजी हेलियम वापरत. बंद शेडमध्ये, टेबलावर, बसून करायचं ते काम. आपण ते उचलून थाटीपुरच्या तिसऱ्या मजल्यावर, भर उन्हात, उकिडवं बसून करायला लावलं. म्हणून टेबल, सावली आणि बैठक हे लाड नव्हेत. ते या पद्धतीचे निम्मे अवजार आहेत आणि आपण तेच वाटेत गाळले.

मला ज्यांनी हात धरून शिकवलं ते उस्ताद लोहिया बाजाराच्या बाजूचे. शाळा फारशी नाही, पण शिस्त अशी की एखाद्या बुजुर्ग गवयाची आठवण यावी. उन्हाळ्यात त्यांचं काम पहाटे साडेपाचला सुरू होई आणि अकराला बंद. मग थेट संध्याकाळी. मध्ये कोणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही. कामाला बसायच्या आधी ते दहा मिनिटं फक्त बैठक जमवत. स्टूल खालीवर करत, कोपराखाली विटेवर फडकं घडी करून ठेवत, मशीन न लावता हात एकदा जोडावरून फिरवून बघत. मला म्हणायचे, "हाथ टिका होगा तो हाथ नहीं काँपेगा, और हाथ नहीं काँपेगा तो गर्दन नहीं झुकेगी." त्या वयात मला वाटे, म्हातारा वेळ काढतोय. पुढे शेजारच्या कारखान्यांतले तरणेबांड वेल्डर चाळिशीत मान धरून बसलेले दिसले आणि उस्ताद मात्र साठीनंतरही सरळ चालत होते, तेव्हा त्या दहा मिनिटांचा हिशेब लागला.

मानेचं खरं मोल मला घरात कळलं. माझा आत्तेभाऊ फार चांगला टिग वेल्डर. त्याला ना कधी भाजलं, ना कधी अपघात झाला. त्याचा धंदा गेला तो वाकून. चाळिशी ओलांडल्यावर त्याला जवळचं दिसेनासं झालं, जसं सगळ्यांचंच होतं. हेल्मेटच्या आत चष्मा घालायचा कंटाळा, म्हणून तो जोड दिसावा यासाठी तोंड आणखी पुढे न्यायचा. तोंड पुढे म्हणजे मान वाकलेली आणि नाक थेट धुराच्या वाटेत. सहा-सात वर्षांत डाव्या हाताला मुंग्या, मग बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांचं सांगितलं. डाव्या हाताने तार भरायची असते, तो हातच गेला. आता तो एका हार्डवेअरच्या दुकानात बसतो. हेल्मेटच्या काचेमागे बसवायची भिंगाची पट्टी बाजारात मिळते, दोन-तीनशे रुपयांची. तेवढी वेळेवर लागली असती तर? असो. पण तुमच्याकडे काम करणारा वेल्डर चाळिशीच्या पुढचा असेल आणि जोडाला नाक लावून बसत असेल, तर त्याला हे नक्की सांगा. वाईट वाटून घेणार नाही.

डोळ्यांबद्दल आपल्या घरांत धास्ती पुष्कळ आहे, माहिती कमी. "बघू नको, डोळे जातील" एवढं म्हणून आपण पोरांना हाकलतो. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर बुबुळाच्या वरच्या पडद्याला ऊन लागतं, कातडीला लागतं तसंच. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी होतो. म्हणून आर्गनवाला गेल्यावर, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं आणि पाण्याच्या धारा लागतात. आमच्या शेजारच्या घरी रेलिंगचं काम चाललं असताना बारावीचा मुलगा खिडकीत अभ्यासाला बसला होता. आर्ककडे बघतही नव्हता. समोरच्या चकचकीत पाइपवरून उलटलेला उजेड दिवसभर त्याच्या डोळ्यांवर येत राहिला, आणि पहाटे पेपरच्या आधी पोराला डोळे उघडवेनात. आईने किसलेला बटाटा बांधला, आजीने गुलाबपाणी घातलं. यातलं काही औषध नव्हे, आणि डोळ्यांत घरगुती काही घालणं उलट धोक्याचं. साधारण एक-दोन दिवसांत हे आपोआप बरं होतं. अंधाऱ्या खोलीत गार पाण्याची पट्टी ठेवावी, डोळे चोळू नयेत, आणि दुखणं राहिलं किंवा धूसर दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. वेल्डर लोक मेडिकलवरून बधिर करणारे थेंब आणून स्वतःच घालतात, ते मात्र अजिबात करू नये. दुखणं थांबतं, पण पडद्याची जखम भरत नाही, वाढते.

काचेच्या नंबराचंही तसंच. रेलिंगच्या पातळ पाइपला ४० ते ८० अँपिअर लागतात, त्याला १० नंबरची काच पुरते. करंट १०० च्या वर गेला की ११-१२. फार गडद काच घातली तर जोड दिसत नाही आणि माणूस पुन्हा वाकतो. म्हणजे जास्त गडद म्हणजे जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. हल्ली आपोआप काळी होणारी काच असलेली हेल्मेटं आली आहेत, ती मला मनापासून आवडतात. दर टाक्याला हेल्मेट वरखाली करायला नको, मानेला झटका नको. एकच सांगतो. अगदी स्वस्त हेल्मेटात उजेड ओळखणारे दोनच डोळे असतात, आणि टिगचा करंट कमी असला किंवा एखादा पाइप मध्ये आला की काच अचानक उघडते. चार डोळ्यांचं, संवेदनशीलतेचं बटण असलेलं घ्यावं. आतल्या पट्टीला जुन्या टॉवेलचा तुकडा शिवावा. घाम डोळ्यांत उतरतो म्हणूनच तर हेल्मेट काढलं जातं.

कपड्यांचं सांगताना मला नेहमी आपल्या गावाचं हसू येतं. ग्वाल्हेर सूटिंगने आपलं नाव देशभर नेलं. लग्नात ते कापड मिळालं की माणूस खूश. पण पॉलिएस्टर मिसळलेलं कापड वेल्डिंगजवळ नेऊ नये, ते जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. त्यापेक्षा वडील मिलमधून आणायचे तसलं साधं, घट्ट विणीचं सुती कापड बरं. पूर्ण बाह्या, गळ्यापर्यंत बटण, रंग गडद. पांढरा शर्ट उन्हात थंड वाटतो, पण आर्कचा उजेड त्याच्यावरून उलटून हेल्मेटच्या खालून हनुवटीवर आणि डोळ्यांवर जातो. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं नाव काढलं की पोरं वैतागतात. त्यांना मी शेतातला माणूस दाखवतो. तो मे महिन्यात उघडा फिरत नाही, डोक्याला गमछा आणि अंगात सैल सुती घालतो, कारण सैल सुती कापडाने ऊन अडतं आणि घाम सुकून अंग गार राहतं. हातमोजेही जाड नकोत. टिगला शेळीच्या मऊ कातड्याचे पातळ हातमोजे मिळतात, त्यात तार बोटांना कळते. रॉडच्या कामाचे जाडजूड मोजे दिले तर वेल्डर ते काढूनच ठेवणार, आणि त्याचं चूक नाही.

घामाचा आणखी एक धोका घरातल्यांच्या लक्षात येत नाही. घामाने भिजलेला हात, ओला मोजा, पायात चप्पल आणि खाली कूलरचं सांडलेलं पाणी. कोरड्या अंगाला जो करंट नुसता चावतो तो ओल्या अंगाला आडवा पाडू शकतो. म्हणून कूलर बंद करा, आणि त्याच्या खालचं पाणीही पुसून घ्या.

फुप्फुसांचं काय? उघड्या गच्चीवर टिगचा धूर फार नसतो. पण स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं, आणि धुरात येणारं क्रोमियम वाईट. बंद जिन्यात, बाथरूममध्ये, पाण्याच्या टाकीत काम असेल तर गोष्ट वेगळी. आर्गन हवेपेक्षा जड असतो. टाकीच्या तळाशी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुदमरल्याचं माणसाला कळतही नाही. टाकीत एकट्याला कधीही उतरू देऊ नका. बाहेर एक जण उभा पाहिजे आणि आत सारखी ताजी हवा सोडलेली पाहिजे. बाहेरच्याने मदतीसाठी आत उडी घ्यायची नाही, नाहीतर दोघंही जातात.

टंगस्टनच्या काडीच्या टोकाचा रंग बघायची मला सवय आहे. लाल टोक असेल तर त्यात थोरियम असतं, किंचित किरणोत्सारी. हातात धरून काही होत नाही. पण काडीला ग्राइंडरवर टोक काढताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये. राखाडी, सोनेरी किंवा निळ्या टोकाच्या काड्या तेच काम करतात आणि त्यांत थोरियम नसतं. पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये लाल काडी आता येत नाही. आणि जोड चमकवायला शेवटी जी पांढरी पेस्ट लावतात तिच्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल असतं. ती उघड्या हाताने चिंधीने पुसणारी पोरं मी रोज बघतो. त्यातलं पहिलं आम्ल कातडीतून आत हाडापर्यंत उतरतं, आणि दुखायला तासन् तास लागू शकतात. रबरी मोजे आणि भरपूर पाणी पाहिजेच, आणि ते धुतलेलं पाणी तुळशीत किंवा अंगणात सोडू नका. नातवंडं तिथेच खेळतात.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणाचं होतं आणि कलम १८ पिण्याच्या पाण्याचं. पण मूळ कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागी निदान १० कामगार असले तरच तिला कारखाना मानलं. हजीऱ्यापासून महाराजपुऱ्यापर्यंत दोन-दोन, चार-चार माणसांची जी दुकानं आहेत ती त्या व्याख्येत बसत नाहीत. आणि तुमची गच्ची तर अजिबातच नाही. इन्स्पेक्टर तिथे येणार नाही. तिथे त्या दिवसापुरते मालक तुम्ही.

दुसरा आक्षेप पैशांचा. "आधीच स्टीलचे भाव कुठे गेलेत, वर याची सोय कोण करणार?" मी हिशेब मांडून बघितला आहे. चांगलं हेल्मेट, कातडी मोजे, सुती शर्ट आणि भिंगाची पट्टी, सगळं मिळून एका मध्यम घराच्या रेलिंगच्या बिलात कोपऱ्यातल्या एक-दोन खांबांइतकं होतं, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. ठेकेदाराला काम देताना एवढंच विचारा, "तुमचा माणूस काय घालून येणार?" चार घरांनी विचारलं की पाचव्या घरी तो न विचारता आणेल. दर ठरवताना आपण दोन-दोन रुपयांवर घासाघीस करतो. तो ते दोन रुपये कुठून काढतो, हे तेवढ्यापुरतं आठवावं.

तिसरा आक्षेप वेल्डरांकडूनच येतो, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. "हम लोगों को आदत है." ही मर्दुमकी नव्हे. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही, म्हणून त्याने स्वतःला घातलेली ती समजूत आहे. माझ्या आत्तेभावालाही सवय होती.

मग आपण करायचं काय? फार नाही. मुहूर्त अक्षय तृतीयेचा असला तरी रेलिंगचं काम फाल्गुनात उरकून घ्या, किंवा दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात करावंच लागलं तर पहाटे सुरू करू द्या, दुपारी बारा ते चार सुट्टी, आणि त्या सुट्टीचे पैसे कापू नका. गच्चीवर जाड गडद ताडपत्री दोन बाजूंनी बांधा. तिने सावली होते, लूचा झोत अडतो, आणि शेजारच्या खिडकीत उजेड जात नाही. पंखा लावायचा तर मागून नको. मागून आलेली हवा अंगाला वळसा घालून धूर तोंडाशी आणते. बाजूने, कमरेच्या खाली, मंद लावा. वेल्डरला गॅस लेन्सची जाळी असलेला मोठा कप लावायला सांगा, म्हणजे आर्गन सरळ उतरतो आणि थोडी हवा सोसतो. बसायला घरातला एखादा स्टूल काढून द्या, कोपराखाली ठेवायला पाट द्या. जी कामं खाली टेबलावर जोडून मग वर बसवता येतात ती खालीच करू द्या, "माझ्यासमोर करा" असा हट्ट नको. पाण्याबरोबर मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं द्या, नुसता गोड चहा नको. आणि पोरांना हाकलण्यापेक्षा वेल्डरचं जास्तीचं हेल्मेट घालून एकदा आर्क दाखवा. किती सुंदर असतो तो, काय सांगू! ज्याने तो एकदा नीट पाहिला त्याला ते काम हलकं वाटणार नाही.

आपल्या जुन्या घरांत दगडी जाळ्या होत्या. ग्वाल्हेरच्या दगडाच्या त्या जाळ्यांचे फोटो आपण इथे टाकतो आणि त्या कोरणाऱ्या हातांना वाहवा देतो. ती माणसं जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली, त्यांच्यासाठी आता आपल्याला काही करता येत नाही. स्टीलची रेलिंग करणारा मात्र उद्या सकाळी सायकलवर मशीन आणि सिलिंडर बांधून तुमच्या दाराशी येणार आहे. त्याच्यासाठी ताडपत्री आजच काढून ठेवा. आणि तुमच्या घरात कोणी हे काम करत असेल, आत्ता किंवा पूर्वी, तर खाली जरूर लिहा. आपल्यातले वेल्डर, फिटर, टर्नर कुठे कुठे होते ते एकदा कळू दे.